पेट्रोलमधले बेंझिन रिफायनरीत कमी कसे करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेंझिन हे पेट्रोलमधले कर्करोगकारक संयुग. ते बाहेर काढणे हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार अवघड काम नाही. त्याचे तीन-चार मार्ग कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. अडचण येते ती त्यानंतर. बेंझिनबरोबर गेलेला ऑक्टेन (इंजिनात न खडखडता जळण्याची इंधनाची क्षमता) कुठून भरून काढायचा, हायड्रोजन कोणाच्या वाट्यातून घ्यायचा आणि बाहेर काढलेल्या बेंझिनचे करायचे काय? खालचे बहुतेक प्रश्न फिरून याच तीन गोष्टींवर येतात.

पेट्रोलमध्ये बेंझिन मुद्दाम घालतात का?

नाही. कच्च्या तेलात ते मुळात थोडे असतेच, पण पेट्रोलमधले बरेचसे बेंझिन रिफायनरीतच तयार होते, आणि तेही नको असताना. ते तयार होण्याची मुख्य जागा म्हणजे रिफॉर्मर. कच्च्या तेलातून सरळ मिळणाऱ्या नॅफ्थाचा, म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या हलक्या भागाचा, ऑक्टेन फार कमी असतो. उदाहरणार्थ, नॉर्मल हेक्झेनचा रिसर्च ऑक्टेन अंक जेमतेम २५ आहे. अशा इंधनावर आजची गाडी खडखडायला लागेल. म्हणून हा नॅफ्था सुमारे ५०० अंश सेल्सिअसला प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. तिथे रेणूंमधला हायड्रोजन निघून जातो आणि सरळ साखळ्या व साधी कडी यांची ॲरोमॅटिक कडी बनतात, म्हणजे टोल्युइन, झायलिन आणि त्यांच्याबरोबर बेंझिन. पहिली दोन हवी असतात, तिसरे सोबत येते.

कोणत्या स्ट्रीममधून किती बेंझिन येते?

रिफायनरीत पेट्रोल एका नळातून येत नाही. सात-आठ स्ट्रीम, म्हणजे वेगवेगळ्या युनिटमधून येणारे प्रवाह, मिसळून त्याचा पूल बनतो. त्यांपैकी रिफॉर्मेट, म्हणजे रिफॉर्मरमधून निघणारा माल, हा बेंझिनचा सर्वांत मोठा स्रोत. काहीच उपाय केले नाहीत तर त्यात साधारण ३ ते ८ टक्के बेंझिन सापडते आणि पूलमधल्या एकूण बेंझिनचा मोठा हिस्सा एकट्या रिफॉर्मेटचा असतो. कॅट क्रॅकरच्या म्हणजे एफसीसीच्या (जड तेलाचे मोठे रेणू तोडणाऱ्या युनिटच्या) पेट्रोलमध्ये प्रमाण कमी, साधारण अर्धा ते एक टक्का. पण त्याचे आकारमान एवढे असते की मर्यादा कडक झाली की तेही नजरेत येते. अल्किलेट (लहान रेणू जोडून बनवलेला) आणि आयसोमरेट (आयसोमरायझेशनमधून येणारा, त्याबद्दल पुढे) यांत बेंझिन जवळपास नसतेच. ब्लेंडिंग म्हणजे मिसळण्याचे काम करणाऱ्या माणसाला हे दोन स्ट्रीम प्रिय असतात ते उगाच नाही.

एवढे घातक असेल तर इतकी वर्षे चालवून का घेतले?

ऑक्टेनसाठी. बेंझिनचा ऑक्टेन शंभराच्या आसपास आहे. पेट्रोलमध्ये शिसे असताना ऑक्टेनची चिंता नव्हती, टेट्राएथिल लेड चिमूटभर टाकले की काम होई. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे गेल्यावर ऑक्टेन आणायला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे रिफॉर्मर अधिक कडक चालवणे, म्हणजेच जास्त ॲरोमॅटिक आणि जास्त बेंझिन. एक विष काढताना दुसरे वाढू नये म्हणून बेंझिनची मर्यादा त्याच काळात आवळली गेली. हे दोन निर्णय जोडीने पाहिले नाहीत तर त्यांतला कोणताच नीट कळत नाही.

भारतात मर्यादा किती आहे?

आज १ टक्का, आकारमानाने. २००० च्या सुमारास देशभर ५ टक्के चालत होते, महानगरांत त्याहून कडक आणि दिल्ली परिसरात सर्वांत कडक नियम होता. भारत स्टेज तीन या उत्सर्जन मानकाबरोबर १ टक्क्याची मर्यादा आली. ती २००५ मध्ये मोठ्या शहरांत आणि २०१० मध्ये देशभर लागू झाली.

त्यानंतर हा आकडा जागचा हललेला नाही. स्टेज तीनपासून सहापर्यंत येताना गंधक १५० वरून ५० आणि मग १० पीपीएमवर (दशलक्षात भाग) आले, एकूण ॲरोमॅटिकची मर्यादा ४२ वरून ३५ टक्क्यांवर आली, बेंझिन मात्र १ टक्क्यावरच राहिले. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा आल्यावर गंधकाचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या दशांशही बेंझिनची चर्चा झाली नाही. युरोपातही २००० पासून १ टक्काच आहे, त्यामुळे आपण मागे आहोत असे म्हणता येत नाही. पण वीस वर्षांत तोच आकडा पुन्हा तपासून पाहायला हरकत नव्हती, असे मला वाटते.

अमेरिकेत ०.६२ टक्के आणि आपल्याकडे १ टक्का. म्हणजे आपले पेट्रोल वाईट?

हे दोन आकडे एका पट्टीने मोजता येत नाहीत. आपला १ टक्का ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक बॅच तिच्या आत असली पाहिजे. म्हणून ब्लेंडिंगवाले थोडे अंतर राखून लक्ष्य ठेवतात, नाहीतर प्रयोगशाळेतून अहवाल आल्यावर अख्खी टाकी पुन्हा मिसळायची वेळ येते. अमेरिकेचा ०.६२ हा २०११ पासून लागू असलेला वार्षिक सरासरीचा आकडा आहे. एखादी बॅच त्याच्या वर गेली तरी चालते, वर्षाचा हिशेब जुळला पाहिजे. शिवाय ज्या रिफायनरीने गरजेपेक्षा जास्त बेंझिन कमी केले तिला क्रेडिट मिळते आणि ते दुसरीला विकता येते. मात्र क्रेडिट विकत घेऊन वाटेल तेवढे बेंझिन सोडता येऊ नये म्हणून २०१२ च्या मध्यापासून प्रत्येक रिफायनरीच्या स्वतःच्या सरासरीलाही १.३ टक्क्यांचे कुंपण घातले.

तरीही सरासरी म्हणून पाहिले तर ०.६२ अधिक कडक आहे, आणि तिकडे पेट्रोल विकणाऱ्या परदेशी रिफायनरीलाही तो हिशेब चुकत नाही. गुजरातेतल्या जामनगरच्या रिलायन्स रिफायनरीच्या संदर्भात हा मुद्दा पुढे येईल.

बेंझिन तयार होण्याआधीच अडवता येत नाही का?

येते, आणि पहिला विचार त्याचाच करतात. बेंझिन कशापासून बनते हे ठाऊक आहे: सायक्लोहेक्झेन, मिथाइल सायक्लोपेंटेन आणि काही प्रमाणात नॉर्मल हेक्झेन. सहा कार्बनवाले हे तिन्ही रेणू साधारण ६९ ते ८१ अंशांच्या दरम्यान उकळतात. बेंझिनचा स्वतःचा उत्कलनबिंदू ८०.१ अंश. म्हणून रिफॉर्मरच्या आधीच्या नॅफ्था स्प्लिटरचा (उत्कलनबिंदूनुसार हलका आणि जड भाग वेगळे करणाऱ्या मनोऱ्याचा) कट, म्हणजे तोडण्याचे तापमान, वर सरकवायचा. पूर्वी जो नॅफ्था ७० अंशांच्या आसपासपासून रिफॉर्मरला जायचा, तो ८५ अंशांच्या पुढचाच पाठवायचा. बेंझिनचे सगे आणि कच्च्या तेलातून आलेले बेंझिन दोन्ही स्प्लिटरच्या माथ्यावरून हलक्या नॅफ्थात निघून जातात.

कागदावर हे झकास दिसते, प्रत्यक्षात तीन गोष्टी नडतात. पहिली, स्प्लिटर चाकूसारखा कापत नाही. मनोरा उंच नसेल आणि रिफ्लक्स (माथ्यावर थंड करून परत खाली सोडलेला द्रव) कमी असेल तर सहा कार्बनवाले थोडे खाली सुटतात आणि सात कार्बनवाले थोडे वर जातात. या सात कार्बनवाल्यांपासून चांगले टोल्युइन झाले असते, ते हातचे जाते. दुसरी, रिफॉर्मरचा फीड घटला की हायड्रोजनही घटतो, आणि डिझेलमधले गंधक काढायला त्याच हायड्रोजनची वाट पाहत दुसरे युनिट उभे असते. तिसरी गोष्ट नव्या माणसाला चकवते. फीडमधून सहा कार्बनवाले पूर्ण काढले तरी रिफॉर्मेटमध्ये थोडे बेंझिन उरतेच. टोल्युइन आणि झायलिनसारख्या मोठ्या रेणूंच्या शेपट्या तुटून ते होते. रिफॉर्मरचा दाब जास्त असेल तर ही तोडमोड वाढते. म्हणून कमी दाबावर चालणारे, उत्प्रेरक सतत ताजा करणारे सीसीआर उत्प्रेरक एकाच जागी भरून ठेवणाऱ्या जुन्या रिफॉर्मरपेक्षा या बाबतीत सरस ठरतात.

मग त्या हलक्या नॅफ्थाचे काय करतात?

आयसोमरायझेशन. सरळ साखळ्यांना फांद्या फोडायच्या, म्हणजे ऑक्टेन वाढतो. एकदाच फेरी मारली तर ८२-८४ पर्यंत जातो, कमी ऑक्टेनचे रेणू वेगळे काढून पुन्हा फिरवले तर ८७-८९ पर्यंत. आलेल्या फीडमधले बेंझिन या युनिटच्या सुरुवातीलाच हायड्रोजन घेऊन सायक्लोहेक्झेन बनते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पण बेंझिन फार असेल तर तो दगड आपल्याच पायावर पडतो. ही अभिक्रिया भयंकर उष्णता सोडते आणि आयसोमरायझेशनला तर कमी तापमान लागते. म्हणून फीडमध्ये बेंझिन चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेले की त्यासाठी आधी वेगळा रिॲक्टर लावतात. शिवाय क्लोरिनयुक्त ॲल्युमिनाचा उत्प्रेरक पाण्याच्या अंशानेही कायमचा निकामी होतो, म्हणून फीड कोरडा ठेवणे ही तिथली रोजची डोकेदुखी. मुंबईत माहुलच्या बीपीसीएल (भारत पेट्रोलियम) रिफायनरीत भारत स्टेज सहाच्या आधी असे युनिट उभे राहिले.

बेंझिन तयार झाल्यावर ते 'संपवायचे' कसे?

रिफॉर्मेट स्प्लिटरमध्ये तोडायचे. सहा कार्बनवाला हलका भाग वर येतो आणि त्यात बेंझिन वीस-तीस टक्क्यांपर्यंत एकवटते. टोल्युइन आणि त्याच्या पुढचे सगळे खालून सुरक्षित बाहेर पडते. मग त्या छोट्या स्ट्रीमला निकेल किंवा प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन बेंझिनचे सायक्लोहेक्झेन करायचे. कारखान्यात याला सरळ 'सॅच्युरेशन' म्हणतात. काही रचनांत उत्प्रेरक मनोऱ्याच्या आतच बसवलेला असतो, म्हणजे तोडणे आणि सॅच्युरेशन एकाच भांड्यात होते आणि अभिक्रियेची उष्णता मनोऱ्याच्या कामी येते.

आता हिशेब पाहा. एक टन बेंझिन सॅच्युरेट करायला सुमारे ७७ किलो हायड्रोजन लागतो. सायक्लोहेक्झेनपासून ते एक टन बेंझिन बनताना रिफॉर्मरने नेमका तेवढाच हायड्रोजन बाहेर टाकलेला असतो. म्हणजे ५०० अंशांची भट्टी पेटवून जे केले ते दुसऱ्या युनिटमध्ये उलटवायचे आणि मिळवलेला हायड्रोजन जसाच्या तसा परत द्यायचा. एखाद्या हिशेबनिसाला हे दाखवले तर तो कपाळाला हात लावेल. वर ऑक्टेन शंभरावरून ८३ वर येतो. पूलमध्ये बेंझिन ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणले तर तीन टक्के भागाचे सतरा अंक, म्हणजे साऱ्या पूलचा सुमारे अर्धा अंक गेला. ऐकायला अर्धा अंक क्षुल्लक वाटतो, पण ब्लेंडिंगमध्ये माणसे अर्ध्या अंकासाठी रात्र जागवतात.

एकच जमेची बाजू: सायक्लोहेक्झेनची घनता कमी असल्याने तेवढ्या भागाचे आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी फुगते, आणि पेट्रोल लिटरवर विकले जाते.

मग ते विकतच का नाहीत? बेंझिनला तर बाजार आहे.

आहे आणि मोठा आहे. स्टायरिन, फिनॉल, नायलॉनसाठी लागणारे सायक्लोहेक्झेन, ॲनिलिन, धुण्याच्या पावडरीतले लिनिअर अल्किल बेंझिन, हे सगळे बेंझिनपासूनच. रायगड जिल्ह्यात रसायनीला एका सरकारी कंपनीत कैक वर्षे नायट्रोबेंझिन आणि ॲनिलिन बनत होते.

पण विकायचे तर ते शुद्ध हवे, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने शुद्ध बेंझिन मिळत नाही. आजूबाजूचे पॅराफिन (साखळीचे रेणू) आणि नॅफ्थीन (साध्या कड्याचे रेणू) त्याच्याशी स्थिरक्वाथी मिश्रणे बनवतात, कितीही उंच मनोरा बांधा, ती एकत्रच उकळतात. म्हणून सल्फोलेनसारखा द्रावक वापरतात. तो ॲरोमॅटिक रेणूंना धरून ठेवतो, बाकीचे सुटतात. नंतर द्रावकातून बेंझिन वेगळे करायचे आणि द्रावक पुन्हा फिरवायचा. बीपीसीएल माहुलमधून बेंझिन आणि टोल्युइन विकते ते अशाच ॲरोमॅटिक युनिटच्या जोरावर.

रिफॉर्मेटमधून असे काढणे आता सवयीचे झाले आहे. एफसीसीच्या पेट्रोलमधून काढणे ही वेगळीच कथा. त्यात ओलेफिन (एक दुहेरी बंध असलेले रेणू) असतात, डायीन (दोन दुहेरी बंध असलेले) असतात, गंधक आणि नायट्रोजनची संयुगे असतात, आणि ती द्रावकाला हळूहळू नासवतात. डेहराडूनच्या सीएसआयआर-भारतीय पेट्रोलियम संस्थेने रिलायन्सबरोबर नेमक्या याच कामाची प्रक्रिया विकसित केली आणि ती जामनगरला व्यापारी प्रमाणावर आली. एफसीसी पेट्रोलच्या सहा कार्बनवाल्या मधल्या कटातून बेंझिन काढायचे, अमेरिकेच्या ०.६२ च्या हिशेबात बसणारे पेट्रोल निर्यात करायचे आणि निघालेले बेंझिन रसायन म्हणून विकायचे. ऑक्टेन देणारे ओलेफिन पेट्रोलमध्येच राहतात, हे त्यातले खरे कौशल्य. आपल्याकडच्या शुद्धीकरण संशोधनातले हे काम मला फार मोलाचे वाटते, आणि त्याबद्दल मराठीत कोणी लिहिलेले फारसे दिसत नाही.

अजून काही मार्ग?

बेंझिनला प्रोपिलीन किंवा इथिलीन चिकटवता येते. मग ते क्युमिन किंवा इथाइल बेंझिन होते, ऑक्टेन टिकतो, हायड्रोजन लागत नाही आणि आकारमानही वाढते. जिथे कॅट क्रॅकरचे प्रोपिलीन स्वस्तात हाताशी आहे तिथे हे जमते. जिथे तेच प्रोपिलीन पॉलिप्रॉपिलीनसाठी चढ्या भावाने जाते तिथे कोणी ते बेंझिनवर खर्च करत नाही.

मग यांतला सर्वांत चांगला मार्ग कोणता?

रिफायनरी कुठे आहे आणि तिच्याकडे काय आहे, यावर ते ठरते. किनाऱ्यावर पेट्रोकेमिकल संकुलाला चिकटून असलेल्या मोठ्या रिफायनरीला बेंझिन काढून विकणे परवडते. आतल्या भागातल्या, बेंझिनचे गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रिफायनरीला स्प्लिटरचा कट वर सरकवून आयसोमरायझेशन लावणे सोपे. सॅच्युरेशन भांडवलात बहुधा स्वस्त पडते पण हायड्रोजन खाते. माझे मत विचाराल तर आधी कट सुधारावा, उरलेल्यासाठी यंत्र घ्यावे. जुन्या स्प्लिटरची ट्रे आणि रिफ्लक्स नीट केले तर बरेच काम पैसे न ओतता होते, पण असल्या कामाच्या उद्घाटनाला कोणी फीत कापायला येत नाही.

इथेनॉलमुळे बेंझिन कमी होते का?

दोन प्रकारे होते. इथेनॉलमध्ये बेंझिन नाही, म्हणून ते मिसळले की प्रमाण पातळ होते. १.२ टक्के बेंझिनच्या मूळ पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातले तर ०.९६ उरते. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या पुढे असल्याने मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचे चालते, रिफॉर्मर थोडा सैल चालवता येतो आणि बेंझिन मुळातच कमी बनते. कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या मळीचा माहुलच्या रिफॉर्मरशी संबंध असतो तो असा. मात्र इथेनॉलने आणि आयसोमरेटने, दोन्हींनी बाष्पदाब, म्हणजे पेट्रोलची वाफ होण्याची ओढ, वाढतो, त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे चटकन उडणारे ब्युटेन कमी करावे लागते.

पेट्रोलमधले बेंझिन शून्य केले तर धुरातलेही शून्य होईल?

नाही. इंजिनात टोल्युइन आणि झायलिन अर्धवट जळताना त्यांच्यापासूनही बेंझिन बनते. म्हणून एकूण ॲरोमॅटिकवर ३५ टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे. गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धड असणे हेही तितकेच महत्त्वाचे.

पेट्रोल स्वच्छ झाले तरी रिफायनरीशेजारी वास का येतो?

पेट्रोलमधून काढलेले बेंझिन नाहीसे होत नाही. सॅच्युरेट केले नसेल तर ते रिफायनरीतच अधिक तीव्र स्वरूपात, टाक्यांत आणि टँकर भरण्याच्या जागी असते. तरंगत्या छपराचे सील सैल असले, पंपांची सीले गळत असली किंवा सांडपाण्याचे हौद उघडे असले की बाष्प सुटते. माहुल-आंबापाडा परिसरातल्या अशा बाष्पशील संयुगांच्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये तिथल्या रिफायनऱ्यांना आणि साठवणूक कंपन्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला होता. त्यातले सगळेच संयुग बेंझिन नव्हे, पण हवेतल्या बेंझिनसाठी भारतात वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी वेगळी मर्यादा २००९ पासून आहे. पेट्रोलचे मानक पाळले म्हणजे ही मर्यादा आपोआप पाळली जाते असे मुळीच नाही.

एका टक्क्याने माणसाला खरेच काही होते का?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला पहिल्या गटात टाकले आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. यकृतात त्याचे जे रूपांतर होते ते अस्थिमज्जेला इजा करते. तिथून रक्तक्षय आणि अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. महिन्यातून चार वेळा पेट्रोल भरणाऱ्याचा धोका लहान आहे. पंपावर दिवसभर नोझल धरणारे, टँकर भरणारे आणि गॅरेजमध्ये काम करणारे यांचा तसा नाही.

गॅरेजमध्ये पेट्रोलने हात धुतात, ते ठीक आहे?

अजिबात नाही. ग्रीस निघते हे खरे, पण बेंझिन त्वचेतूनही शरीरात जाते आणि हात धुताना वाफ नाकाशी असते. साबण आणि रॉकेलविरहित हँड क्लीनर वापरा, सुटे भाग धुवायचे तर उघड्या हवेत आणि हातमोजे घालून. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.